जमादारांची दुनळी

"आणि हिला कशाला हार, मामा?" मी हसत विचारले.

ईराप्पा लोहार स्टुलावर उभे राहून भिंतीवरच्या खिळ्याला झेंडूचा हार अडकवीत होते. त्या खिळ्याला बंदुकीची एक जुनी नळी टांगलेली होती. दस्त्याच्या बाजूने वीतभर अंतरावर ती फुटली होती आणि तिचा पत्रा केळीच्या सालीसारखा तिन्ही अंगांना उलगडला होता. दसऱ्याचा दिवस होता. गडहिंग्लजच्या पेठेत बंदुका दुरुस्त करणारे ईराप्पांचेच काय ते दुकान. त्यांनी कानशी, हातोडे, ऐरण, गिऱ्हाइकांच्या बंदुका अशी सर्व हत्यारे पाटावर मांडून त्यांची पूजा केली होती. परंतु पहिला हार त्या फुटक्या नळीचा होता.

"मान तिचाच," ते खाली उतरत म्हणाले. "बाकीची हत्यारं मला पोटाला देत्यात. हिनं अक्कल दिली. तुला पट्टा पायजे न्हवं? बस. आधी प्रसाद घे."

मी बाकावर बसलो. दादाने मला बंदुकीला लावावयाचा नवा चामडी पट्टा आणण्यासाठी दुपारी सायकलवरून पाठविले होते. प्रसादाचा पेढा मी तोंडात टाकला आणि सहज वर पाहिले. दारातून आलेले ऊन नेमके त्या नळीवर पडले होते. फुटलेल्या पत्र्यावर नक्षी होती. संथ पाण्यात खडा टाकावा आणि तरंग उठावेत तशा बारीक, तपकिरी लाटा एकीत एक गुंतून नळीभर पसरल्या होत्या.

त्या लाटा माझ्या ओळखीच्या होत्या. नुसत्या ओळखीच्या नव्हे; चार दिवस खपून मी त्या स्वतःच्या हातांनी घासून नाहीशा केल्या होत्या.

"मामा, ही नक्षी कसली?"

"नक्षी न्हवं ती. तारंची नळी म्हंत्यात हिला. लोखंडाची पट्टी अन् पोलादाची पट्टी एकात एक पिळायची, सळईभवती गुंडाळायची आणि लाल करून ठोकायची. शंभर वर्सांमागं विलायतेत करायचे. दिसायला राणीवाणी देखणी. पण आतनं सगळा सांधा. काळ्या दारूला ठीक हाय. आत्ताची ती बिनधुराची दारू असती न्हवं, तिचं काडतूस घातलं की…" ईराप्पांनी मिटलेली मूठ माझ्या डोळ्यांपुढे एकदम उघडली.

पेढा माझ्या तोंडातच राहिला.

"दर खेपंला फुटती?"

"तसं असतं तर बरं झालं असतं. कुणी घातलंच नसतं. एक बार सोसती, धा सोसती. कवा सोसायची न्हाई ते तिचं तिलाच म्हाईत. आन् फुटती ती हितं बघ." त्यांनी आपला डावा हात बंदूक धरल्यासारखा पुढे केला आणि उजव्या हाताच्या बोटाने त्या तळव्यावर टिचकी मारली. "जितं धरणाऱ्याचा हात, तितंच."

"ही ज्याच्या हातात हुती त्याचं काय झालं?"

"हात मनगटापासनं गेला. एक डोळा गेला. दुसऱ्या डोळ्यानं सावली तेवढी दिसती." ते पट्टा कागदात गुंडाळू लागले. "तुझ्या दादानं, धोंडिबानं, जुनी दुनळी घेतली म्हनं. तिला हाय काय रं असली नक्षी?"

"न्हाई," मी म्हणालो. "तिची नळी पांढरीशुभ्र हाय."

ह्यात शब्द एकही खोटा नव्हता.

मी पैसे दिले आणि बाहेर आलो. पेठेतील घड्याळात चार वाजले होते. आमचे हाळखिंड गाव तेथून बारा मैल, त्यातील शेवटचे तीन मैल चढाचे. सूर्य मावळण्यापूर्वी गावच्या शिलंगणाच्या माळावर दादा त्या दुनळीतून पहिला बार काढणार होता. त्याच्या सदऱ्याच्या खिशात बिनधुराच्या दारूची दहा नवी काडतुसे होती. मी सायकलवर टांग मारली.

हे सर्व कसे घडून आले ते येथे सांगितले पाहिजे.

माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. शिलाई मशीन दुरुस्त करणे हा माझा व्यवसाय. पेटी सायकलला बांधून मी गावोगाव हिंडत असे. दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेल्यामुळे त्यानेच मला वाढविले. परंतु घरातील कोणत्याही महत्त्वाच्या कामात तो मला विचारीत नसे. "सुबाला मशीन कळतंय, माणूस कळत न्हाई," असे तो चारचौघांत हसून म्हणे. मला ते लागे.

आमच्या गावी शिलंगणाच्या पहिल्या बाराचा मान रेडेकरांचा, म्हणजे आमचा. ग्रामदैवत रवळनाथाची पालखी माळावर येते, गुरव नारळ फोडतो आणि मग मानकऱ्याने आकाशात बार काढावयाचा. त्या आवाजासरशी लोक आपट्याचे सोने लुटतात. आदल्या वर्षी दादाची ठासणीची बंदूक ऐनवेळी पेटली नव्हती. त्याने तीनदा प्रयत्न केला आणि अखेर दुसरे मानकरी अण्णासो देसाई ह्यांनी पुढे होऊन आपला बार काढला. गावचा रिवाज असा की, ज्याचा बार ओळीने दोन वर्षे चुकेल त्याचा मान कायमचा मागे जाईल. "धोंडिबा, फुडल्या साली लवंगी फटाकडी आण," असे अण्णासो सर्वांदेखत म्हणाले होते. त्यानंतर वर्षभर दादा त्यांच्या दारावरून गेला नाही.

अशात चैत्र महिन्यात नेसरीच्या बाजूला एका घरी मी मशीन दुरुस्तीसाठी गेलो. घर हुसेनबी जमादार ह्या वृद्ध विधवेचे होते. तिचे यजमान एका जहागीरदाराच्या पदरी शिकारखान्याचे जमादार होते. मशीनच्या सुया शोधताना तिने जुनी संदूक उघडली. तळाशी तेलकट फडक्यात गुंडाळलेली वस्तू पाहून मी विचारले, तेव्हा तिने ती उलगडून दाखविली.

तशी सुंदर वस्तू मी आजवर पाहिली नव्हती. बाराच्या मापाची, बाहेरून दोन घोड्यांची, म्हणजे चापाने पडणाऱ्या दोन हातोड्यांची, दुनळी. अक्रोडाचा दस्ता मधासारखा चमकत होता. घोड्यांजवळच्या पोलादी पट्टीवर पळणारी हरणे कोरलेली होती. गंजाचा कणही नव्हता. मी ती बिजागरीवर मोडून आत पाहिले, तर नळ्या आरशासारख्या स्वच्छ होत्या. फक्त बाहेरून त्यांचा रंग मळकट, तपकिरी, लाटालाटांचा होता. तो मला जुन्या तेलाचा डाग वाटला.

"विकायची हाय काय, चाची?"

"विकायचीच हाय की. आमचे गेले, परवाना त्यांच्या नावावर. ठाण्यातनं कागद आलाय, महिन्यात विका, न्हाईतर जमा करा." ती जी किंमत बोलली ती ऐकून मी थक्क झालो. नवे शिलाई मशीनही तेवढ्यात येत नसे.

सौदा ठरल्यावर तिने मला एक गोल पत्र्याचा डबा दिला. आत जमादारांनी स्वतःच्या हाताने भरलेली काडतुसे होती. "ह्यातलीच घाला," ती म्हणाली. "बाहेरची घालू देत नव्हते. एकदा जहागीरदारांनी दिली, तर त्यांच्या तोंडावर नको म्हणाले."

"का बरं?"

"मला काय सांगत होते व्हय? हिचं हाड नाजूक हाय म्हणायचे, बस."

मी मान डोलावली आणि म्हाताऱ्या माणसाची आपल्या वस्तूवरील माया म्हणून ते बोलणे सोडून दिले.

परवान्यावर नोंद होऊन बंदूक ताब्यात येईपर्यंत भाद्रपद संपला. कचेरीतील सह्या झाल्यावर दादाला नांगराच्या फाळासाठी दुसरीकडे जावयाचे होते. तो मला म्हणाला, "ईराप्पाला दाखीव. तो बरी म्हणला तरच घरात आण." मी ईराप्पांच्या दुकानी गेलो. दुकान बंद होते. शेजारी म्हणाला, उद्या या. परंतु उद्या पुन्हा बारा मैल कोण येणार, आणि ईराप्पांनी काही खोट काढली तर? आयुष्यात पहिल्यांदा मी घरासाठी काही मोलाचे मिळविले होते.

"दाखवलीस?" दादाने संध्याकाळी विचारले.

"दाखवली."

"काय म्हणला?"

"असली वस्तू हाताखालनं गेली न्हाई म्हणला."

दादाने बंदूक खांद्याला लावून पाहिली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "पोरगं सुधारलं की गं," असे तो वहिनीला म्हणाला. त्या एका थापेसाठी मी पुढचे चार दिवस पॉलिश पेपर आणि तेल घेऊन त्या नळ्या घासल्या. लाटा हळूहळू फिकट झाल्या, मग दिसेनाशा झाल्या. नळ्या चांदीसारख्या पांढऱ्या झाल्या. सारी आळी पाहावयास आली.

जमादारांच्या डब्यातील काडतुसांच्या पितळी टोप्या मात्र हिरव्या पडल्या होत्या. दादाने त्यांतील एकही न वापरता ती सर्व पडक्या विहिरीत टाकली आणि नवी दहा आणली. मी शेजारी उभा होतो. हुसेनबीचे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण सांगितले असते तर, 'मग ईराप्पा काय म्हणला?' हा प्रश्न आला असता.

"एक काढून बघ की," वहिनी म्हणाली.

"पयला बार देवाचा," दादा म्हणाला. "त्याच्या आधी हिचा आवाज कुणी ऐकायचा न्हाई."

हे सर्व त्या दिवशी सायकल हाणताना माझ्या मनात घोळत होते. वाटेवरच्या प्रत्येक गावात दसऱ्याची वाजंत्री चालू होती आणि कोठे फटाका वाजला की मी पायडल आणखी जोरात मारी. मी काय सांगावे ह्याचा विचार करीत होतो. खरे सांगावे हा विचार सर्वांत शेवटी आला, हे मी येथे कबूल करतो. आधी वाटले, काडतुसे पळवावीत. मग वाटले, ठाण्याचा शिपाई येतो आहे अशी आवई उठवावी. चढावर साखळी निसटली. मशीनच्या केसाएवढ्या कमानी, म्हणजे स्प्रिंगा, बसविणाऱ्या मला ती बसवायला तीन खेपा लागल्या. उरलेली वाट मी सायकल हातात धरून धावत गेलो.

माळावर पोहोचलो तेव्हा पालखी टेकली होती. आपट्याच्या फांद्यांचा ढीग मध्यभागी होता आणि त्याभोवती सारा गाव उभा होता. दादा डोक्याला गुलाबी फेटा बांधून पुढे उभा होता. पांढऱ्या नळ्या मावळत्या उन्हात लकाकत होत्या. बायकांच्या घोळक्यात वहिनी आरतीचे ताट घेऊन उभी होती. गुरवाने नारळ हातात घेतला होता.

"आलास? पट्टा कुटं हाय?" दादा म्हणाला.

"दादा, बार काढू नगंस."

"आं?"

"कमान सैल हाय आतली. ईराप्पामामा म्हणलं…"

"ईराप्पाला गडिंग्लजातनं कमान दिसली व्हय रं? काल तूच उघडून तेल दिलंस. घड्याळावाणी चालतीया म्हणलास."

माझीच बढाई माझ्या वाटेत आडवी उभी होती.

"काय धोंडिबा!" पलीकडून अण्णासो देसाई ओरडले. ते आपली बंदूक काखेत धरून मिशांत हसत होते. "औंदा बी दारू भिजली काय? सांग बाबा, माझी कोरडी हाय!"

लोक हसले. दादाचा चेहरा लाल झाला. "सुबा, बाजूला हो," तो दबक्या आवाजात म्हणाला. गुरवाने नारळ फोडला. दादाने बंदूक मोडली, दोन काडतुसे आत सारली आणि ती मिटविली. तिचा तो मिटण्याचा आवाज मऊ आणि गोड होता. त्याने उजव्या अंगठ्याने घोडा ओढला. मग त्याचा डावा तळवा नळीखाली गेला आणि ईराप्पांनी टिचकी मारून दाखविलेल्या त्याच ठिकाणी घट्ट बसला.

मी झेपावलो आणि त्याच्या हातावरून दोन्ही हातांनी नळी धरली.

बायका किंचाळल्या. नळीचे तोंड आकाशाकडे होते. दादाने हिसडा दिला. मी सोडली नाही.

"भरल्या बंदुकीला झोंबतोस? येड लागलं काय तुला? सोड!"

"न्हाई सोडत. काढायचा असंल तर माझे बी हात हितंच राहूदेत."

दादाने माझ्या डोळ्यांत पाहिले. त्याचे तोंड माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर होते. मी एवढ्या हळू बोललो की, माझा आवाज मलाच नीट ऐकू येत नव्हता. "दादा, मी ईराप्पाला दाखवलीच न्हवती. दुकान बंद हुतं. मी खोटं बोललो. जमादारीणबाई म्हणली हुती, दुसरी काडतुसं घालू नगा. त्ये बी तुला सांगितलं न्हाई. नळीवर नक्षी हुती, ती मी घासली. ती नक्षीच खूण हुती. ही नळी फुटती, दादा. तुझ्या हातात फुटती."

दादाने घोडा अंगठ्याने हळूच खाली घेतला.

"मोठ्यानं सांग," तो म्हणाला.

"काय?"

"हातचा मान मी सोडतोय. का सोडतोय ते मला एकट्याला कशाला सांगतोस? गावाला सांग."

मी वळलो. दोनशे माणसे माझ्याकडे पाहत होती. "नळी कच्ची हाय!" मी ओरडलो. "बार काढला तर फुटंल!"

दादा माझ्याकडे पाहत उभाच राहिला. मी आणखी काही बोलेन अशी जणू तो वाट पाहत होता. मी खाली वाकून माझी सायकल उचलली. मग त्याने बंदूक मोडली, काडतुसे काढून खिशात टाकली आणि गर्दीच्या मागे जाऊन उभा राहिला.

अण्णासोंचा बार झाला. सोने लुटले गेले. लोक एकमेकांना पाने देत होते, मिठ्या मारीत होते. आम्हा दोघांभोवती मात्र मोकळी जागा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंधरा-वीस माणसे आमच्या शेतावर जमली. अण्णासो सर्वांच्या पुढे होते. "बगू तरी फुटती का," ते म्हणाले. "का तुज्या भावाला सपान पडलं हुतं!"

दादाने बंदूक आंब्याच्या बुंध्याला दोराने करकचून बांधली, काडतुसे भरली, चापाला सुतळी बांधली आणि आम्ही सर्व बांधाआड गेलो. त्याने सुतळी ओढली. बार झाला. पाखरे उडाली. आम्ही जाऊन पाहिले, तर नळी जशीच्या तशी होती.

दुसरा बार झाला. तिसरा झाला. चौथा झाला.

"सुब्या, नळी मुहूर्त बगतीया काय रं?" अण्णासो म्हणाले आणि लोक पोट धरून हसले. "चला गड्यांनो. रेडेकराचा मान भावाच्या भित्र्या पोटात गेला!"

ते गेले. दादा मात्र थांबला नाही. दर दोन बारांनंतर तो बंदूक मोडून काडतुसे बदलीत होता, पुन्हा बांधाआड येत होता, पुन्हा सुतळी ओढीत होता. मी त्याच्या शेजारी गुडघ्यांत डोके घालून बसलो होतो आणि त्या नळीने फुटावे म्हणून रवळनाथाला नवस बोलत होतो. इतके वाईट मागणे मी देवाजवळ पुन्हा कधी मागितले नाही. सहावा बार झाला, सातवा झाला. आठवाही झाला आणि नळी शाबूत राहिली.

दादा उठला. त्याने झाडाचे दोर सोडले. उरलेली दोन काडतुसे त्याने आत घातली आणि बंदूक मिटविली.

"काय करतोस, दादा?"

"देवाचा बार ऱ्हायलाय. हातानं काढतो."

"दादा!"

"आठ बार तुझ्या डोळ्यांदेखत झालं. आता आनी काय ऐकू तुझं?"

त्याचा हात मला धरता आला असता, पण माझ्या कोणत्याही शब्दाला आता वजन उरले नव्हते. तेव्हा मी शब्द सोडून जे मला येत होते तेच सांगितले. "अर्धा तास दे. काडतुसं काढ. राकेल आणि खडू आणतो. मशीनच्या बिडाला केसाएवढी चीर असली तर डोळ्याला दिसत न्हाई, पण राकेलाला दिसती. ह्यात न्हाई दिसली तर काढ. मी तुझ्याफुडं उभा ऱ्हातो."

दादाने काडतुसे काढली आणि बंदूक माझ्या पुढ्यात टाकली.

मी नळ्या दस्त्यापासून वेगळ्या केल्या. आत ओल्या फडक्याचा बोळा फिरवून त्या पुसून कोरड्या केल्या. तोंडाकडून लाकडी खुंट्या ठोकून त्या बंद केल्या. बाहेरून खडूचे पाणी फासले आणि ते उन्हात वाळू दिले. नळ्या पिठात लोळविल्यासारख्या पांढऱ्या दिसू लागल्या. मग मागच्या बाजूने काठोकाठ रॉकेल ओतले आणि त्या झाडाला टेकवून उभ्या केल्या. आम्ही दोघे समोर उकिडवे बसलो.

उजव्या नळीवर काही आले नाही. डाव्या नळीवरही काही आले नाही. ऊन चढू लागले. वहिनीने घरून दोनदा हाक मारली. कोणी ओ दिली नाही.

"झालं?" दादा म्हणाला.

"थांब."

मग डाव्या नळीवर खडूचा एक ठिपका ओला झाला. प्रथम तिळाएवढा. त्याच्या खाली दुसरा. ते ठिपके एकमेकांना मिळाले आणि तिरकी, बारीक, काळसर रेघ आमच्या डोळ्यांदेखत पुढे सरकू लागली. चार बोटे लांब होऊन ती थांबली.

दादाने नळी आडवी घेतली. रॉकेल त्याच्या धोतरावर सांडले, तिकडे त्याचे लक्ष नव्हते. बंदूक धरावी तसा त्याने डावा तळवा तिच्याखाली घातला. रेघ तळव्याखाली पुरी झाकून गेली.

"ही काल हुती, का आजच्या बारांनी पडली?"

"त्ये कळायचं न्हाई."

"म्हंजे काल काढला असता तर कायबी झालं नसतं, असं बी असंल."

"असंल."

"आणि आत्ता काढला असता तर?"

मी त्याच्या तळव्याकडे बोट दाखविले. त्याने तळवा सावकाश काढून घेतला. मग नळी दोन्ही हातांनी खाली ठेवली.

माझा जीव मात्र भांड्यात पडला होता. मी उठलो. "अण्णासोला बोलावतो, दादा. समद्यांना बोलावतो. ही रेघ वाळायच्या आत बघूदेत."

"बस खाली."

"आरं, पण मगाशी मला भित्रा म्हणून…"

"बस म्हणतो न्हवं."

मी बसलो. दादाने ओंजळीत माती घेतली आणि रॉकेलने भिजलेले हात तो सावकाश चोळू लागला.

"रेघ दाखवशील. गाव म्हणंल, सुबरावानं भावाला वाचवला. मग तू बी तसंच म्हणाय लागशील." तो माझ्याकडे न पाहता बोलत होता. "काल माळावर निम्मंच बोललास. मी थांबलो हुतो. म्हणलं आता सांगंल, मग सांगंल."

मी मान खाली घातली.

"मी कुणाला कायबी सांगायचा न्हाई. त्ये तुझं हाय. पण सांगायचं झालं तर पयल्यापासनं सांग. मधनंच न्हाई."

त्याने ओल्या फडक्याने नळीवरचा खडू पुसला. रेघ गेली आणि नळी पुन्हा पूर्वीसारखी पांढरी, निर्दोष दिसू लागली. चार दिवसांनी त्याने ती बंदूक ठाण्यात जमा केली, नळीत चीर आहे असे लिहून दिले आणि ती मोडीत काढविली. गावात मात्र त्याने ह्यातले अक्षरही काढले नाही. बाराचा मान देसायांकडे गेला तो गेलाच.

त्यानंतर दादा सव्वीस वर्षे जगला. सव्वीस दसऱ्यांना आम्ही दोघे माळावर गर्दीच्या मागे शेजारी शेजारी उभे राहिलो. कोणी मला फुसका बार म्हणून हाक मारी, कोणी माझ्या कानाशी टाळी वाजवून हसे. गुरव नारळ फोडी, अण्णासो आणि पुढे त्यांचा मुलगा बंदूक वर करी आणि तेवढ्या शांततेत, बार होण्यापूर्वी, दादा दरवर्षी एकदा मान वळवून माझ्याकडे पाही. मी समोर पाहत उभा राही.